आई, राक्षस काळाच का असतो?

दिवाळीआधीची साफसफाई म्हणजे आपणा बायकांची दरवर्षीची परीक्षाच! यंदा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. लग्नानंतर माहेरून आणली होती खरी, पण त्यानंतर कधी उघडलीच नव्हती. मला वाटलं, आत जुनी पांघरुणं असतील. कुलूप काढलं तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आणि त्याखाली माझं सगळं लहानपण! ‘चांदोबा’चे सुटे अंक, ‘किशोर’चे दोन दिवाळी अंक, मलपृष्ठ निघालेलं ‘श्यामची आई’, आणि वडिलांनी एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून एकेक करून आणलेल्या अमर चित्र कथांचा हा एवढा गठ्ठा. पितळी डबे घासायचे राहिले बाजूला, मी तिथंच फतकल मारून बसले.

माझ्यापेक्षा जास्त रमली ती आमची चिमी. चिमी आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यमात. (तिला तिथं का घातलं, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही, तो इथं नको.) मराठी तिला बोलता फक्कड येतं, वाचताना मात्र जोडाक्षर आलं की गाडी अडते. पण चित्रांना कुठं भाषा लागते? दुपारभर ती पालथी पडून पानं उलटत होती. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ओट्याशी येऊन उभी राहिली नि म्हणाली, “आई, राक्षस काळाच का असतो?”

“सगळेच काही काळे नसतात,” मी आपलं उगीच म्हटलं.

“जवळजवळ सगळेच आहेत. मी मोजले.”

आणि खरंच मोजले होते हो तिनं! वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या होत्या. राक्षस काळे नाही तर काळपट. राजकन्या गोऱ्या. दासी सावळ्या. तव्यावरची भाकरी उलटायची मी विसरले.

आता सांगायला हवं, आमची चिमी सावळी आहे. चांगलीच सावळी, सासूबाईंच्या वळणावर गेलेली. घरात त्याचं कुणाला काही नाही. पण बारशाला आलेल्या एका बाईंनी पाळण्यात डोकावून “नाक मात्र छान आहे हो” असं म्हटलेलं मला अजून आठवतं. ज्यांच्या मुली सावळ्या आहेत, त्या मैत्रिणींना त्या ‘मात्र’चा अर्थ मी सांगायला नको.

त्यानंतर आठच दिवसांनी शाळेतून चित्रकलेची वही घरी आली. विषय, ‘माझे कुटुंब’. आम्ही पाचही जण हात धरून उभे, आणि पाचही जण गुलाबी! खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला मुलंच काय, आम्ही शिक्षिकासुद्धा सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतो. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र निरखलं नि विचारलं, “ही कोण गं बाई माझ्या लुगड्यात? माझी विहीण का?” सगळे खो खो हसलो. रात्री मात्र मला लवकर झोप आली नाही. पुस्तकं मीच तिच्या हातात दिली होती ना!

मी अर्धवेळ शिक्षिका आहे, त्यामुळे एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती खणून काढायची खोड आहे. ही चित्रकथांची पुस्तकं आली कुठून, ते आधी बघितलं. अमर चित्र कथा १९६७ साली सुरू झाल्या. त्यांचे जनक अनंत पै हे मूळचे कर्नाटकातल्या कारकळचे, पुढं मुंबईकर झालेले. ते स्वतःच सांगत, की त्या वर्षी दिल्लीत त्यांनी दूरदर्शनवर मुलांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहिला. ग्रीक देवतांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी फटकन दिलं, आणि रामाच्या आईचं नाव विचारलं तर कुणालाच येईना. त्या चुटपुटीतून हे काम उभं राहिलं. गंमत अशी, की सुरुवातीचे अंक परक्या परीकथांचेच होते. आपला कृष्ण आला तो अकराव्या अंकाला. त्याची चित्रं राम वाईरकरांची. पुढं चारशेहून अधिक पुस्तकं निघाली. प्रताप मुळीक, दिलीप कदम ह्या आपल्या मराठी चित्रकारांचा त्यात मोठा वाटा. १९८० मध्ये ‘टिंकल’ आलं. पै २०११ साली गेले, पण त्यांची पुस्तकं आजही स्टेशनवरच्या स्टॉलवर दिसतात.

हे ऋण लहान नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना कर्ण, तेनालीराम, झाशीची राणी पहिल्यांदा भेटले ते ह्याच पानांत. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या होत्या. माणसं इथं होती. पण चिमीला जे आठव्या वर्षी दिसलं, ते मला तिशी उलटेपर्यंत दिसलं नव्हतं, हेही खरं. अभ्यासकांना ते केव्हाच दिसलं होतं. नंदिनी चंद्रा ह्यांनी २००८ साली ह्या चित्रकथांवर अख्खं पुस्तक लिहिलं. वीर पुरुष कसे रेखाटले, बायकांच्या वाट्याला त्याग कसा आला, रंगांची वाटणी कशी झाली, ह्या सगळ्याची त्या विषयाच्या अभ्यासकांनी चिकित्सा केली आहे. चित्रकारांनी हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे कॅलेंडरवर, नाटकाच्या पडद्यावर, सिनेमात जे चालत आलं तेच हातातून उतरलं. आपण तरी काय, ‘गोरीगोमटी’ हा शब्द ‘चांगली’ ह्या अर्थीच वापरतो की नाही?

म्हणून मी ती ट्रंक रद्दीवाल्याला दिली का? मुळीच नाही. पण चिमीला उत्तर देणं भाग होतं, आणि ते मला सुचण्याआधी सासूबाईंना सुचलं.

आम्ही कराडचे. घरापासून कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पायी जाण्याच्या अंतरावर. एका संध्याकाळी सासूबाई चिमीला घाटावर घेऊन गेल्या. परत आल्यावर चिमीनं मला धडा घोकावा तसं सांगितलं, “आई, कृष्णा म्हणजे काळी. म्हणजे आपली नदी काळी. द्रौपदीचं नावही कृष्णाच होतं, कारण ती सावळी होती. नि कृष्ण तर काळाच. पुस्तकात निळा केलाय, तो चुकून.” मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे वाती वळत होत्या. म्हणाल्या, “आणि पंढरपूरचा कोण गोरा आहे गं? चार दिवस चालून लोक जातात ना त्याच्याकडे?” (चार दिवस नव्हे, आळंदीहून पालखीला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात, पण सासूबाईंना मध्ये दुरुस्त करायची आमच्याकडे पद्धत नाही.)

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. महाभारत लिहिणाऱ्या व्यासांचं नाव कृष्ण द्वैपायन, म्हणजे तेही काळे. राम मेघासारखा सावळा. मूळ गोष्टीत सावळ्या माणसांची रेलचेल आहे, आणि ती गोष्ट मुलांच्या पुस्तकात येईपर्यंत वाटेत कुठंतरी कुणीतरी सगळ्यांना हळद-पीठ लावून उजळवलं! तेव्हा ‘संस्कृतीची पुस्तकं’ घेताना नुसतं वरचं नाव बघून भागत नाही.

त्यानंतर आमच्या घरी एक नवीन प्रकार सुरू झाला. चिमीचं रामायणाचं पुस्तक इंग्रजी, आणि सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मग रात्री जेवणं झाल्यावर चिमी मनात एक पान वाचते आणि आजीला मराठीत सांगते. आजी मध्येच अडवते. “असं नाही पोथीत.” “आजी, इथं असंच दिलंय.” “दिलं असेल. त्याला काय कळतंय?” हा ‘तो’ कोण, लेखक की छापखानेवाला, हे अजून स्पष्ट झालेलं नाही. पण ह्या भांडणात चिमीचं मराठी सहा महिन्यांत जेवढं सुधारलं तेवढं शिकवणीनं सुधारलं नसतं. शिवाय ‘वनवास’, ‘धाकटी पाती’, ‘आण घेणं’, ‘ओटी’ असे शब्द तिच्या तोंडात आले. इंग्रजी पुस्तकात ते असणार कसे?

सीतेला रामानं टाकल्याचा भाग आला त्या रात्री सासूबाई पुस्तकातलं ऐकायलाच तयार नव्हत्या. त्या स्वतःच सांगू लागल्या. त्यांची आई जात्यावर दळताना सीतेच्या ओव्या म्हणायची, त्यातल्या काही त्यांना अजून पाठ आहेत. त्या ओव्यांतली सीता गप्प बसून सोसणारी नाही. तिचं दुःख ज्यांनी दळता दळता गायलं त्या बायका उघड तिच्या बाजूच्या आहेत. मला हे नवीनच होतं. मग कळलं, की हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि आता ‘परी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या सगळ्यांना ऐकायला खुल्या केल्या आहेत. सीतेवरच्या ओव्या त्यात भरपूर आहेत. आणि यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे, तिथं सीतेचं देऊळ आहे, रामावाचून एकटीचं. बाळंतीण सीतेनं गावात मूठभर गहू मागितले, ते कुणी दिले नाहीत, म्हणून तिनं ‘इथं गहू पिकणार नाही’ असा शाप दिला, अशी तिथली कथा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार मनावर घेतला होता. ही गोष्ट मुलांच्या एकाही पुस्तकात मला अजून मिळालेली नाही. ती मी चिमीला सांगितली, तर म्हणाली, “बरोबर केलं तिनं.”

नवीन पुस्तकांकडे मी वळले ती मात्र माझ्या पुण्याच्या बहिणीमुळे. चेन्नईच्या तारा बुक्स ह्या प्रकाशनाचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ नावाचं पुस्तक तिनं आणलं. मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांनी, भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती ह्यांनी, त्यांच्या झाडांच्या गोष्टी त्यात चितारल्या आहेत. पानं काळीभोर! हातानं बनवलेल्या काळ्या कागदावर एकेक रंग हातानं छापलेला. २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तकांच्या जत्रेत त्याला बक्षीस मिळालं होतं. किंमत आपल्या खिशाला जरा जड आहे, हे आधीच सांगते. पण ते पुस्तक उघडल्यावर सासूबाई काय म्हणाल्या सांगू? “अगं बाई, ही तर चंद्रकळा!” संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर ठिपके कसे उठून दिसतात, तशी ती झाडं दिसतात. चिमीनं त्या दिवशी पांढरा कागद घ्यायलाच नकार दिला. शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या फायलीचा काळा पुठ्ठा कापून दिला.

भज्जू श्यामांचं दुसरं एक पुस्तक आहे, ‘द लंडन जंगल बुक’. लंडनच्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला त्यांना नेलं होतं. पाटणगढसारख्या खेड्यातून आलेल्या माणसाला लंडन कसं दिसलं, तर तिथलं मोठं घड्याळ म्हणजे आरवणारा कोंबडा, जमिनीखालून धावणारी आगगाडी म्हणजे गांडूळ, आणि संध्याकाळ झाली की बाहेर पडणारे इंग्रज लोक म्हणजे वटवाघळं! वाचून मी हसून हसून बेजार. आजवर साहेबानं येऊन आपल्या जंगलाचं पुस्तक लिहिलं, आता जंगलातल्या माणसानं जाऊन साहेबाच्या गावाचं लिहिलं. भज्जू श्यामांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या वारलींचंही एक पुस्तक ह्याच प्रकाशनानं काढलं आहे, ‘डू!’ नावाचं. रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे ह्यांची त्यात चित्रं. वारली चित्रं आपण दिवाणखान्यातल्या पडद्यांवर नि चहाच्या कपांवर बघतो, पण त्यातला प्रत्येक ठोकळ्या माणूस काहीतरी काम करत असतो, हे ते पुस्तक बघून कळतं.

आता शाळेचं सांगते. आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट आहे. किल्ली ऑफिसात, आणि ती मागायला गेलं की “कशाला हवीय?” असा प्रश्न. मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी आठवड्यातून एक तास मिळवला. कपाटात देणगीतून आलेली थोर पुरुषांची चरित्रं, एकाच साच्याची. बाळ जन्मतो तोच तेजस्वी, शाळेत पहिला, मग त्याग, मग पुतळा. मुलं ती परत करतात तेव्हा पानांना घडीसुद्धा पडलेली नसते!

सातवीच्या तासाला मी ‘भीमायन’ नेलं. २०११ साली आलेलं हे बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं चित्ररूप पुस्तक. लिहिणारे श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्यांची. त्यात बोलण्याचे फुगेही वेगवेगळे. गोड बोलण्याला पाखराचा आकार, विषारी बोलण्याला विंचवाच्या नांगीची शेपटी. पुस्तक इंग्रजीत, तेव्हा मी चित्रं दाखवत मराठीत सांगत होते. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहान भीमा आगगाडीनं मसूरला उतरतो. जात कळल्यावर एकही गाडीवान त्या मुलांना बसवून घेत नाही. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, ह्या बोलीवर एकजण तयार होतो आणि स्वतः गाडीशेजारून चालतो. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही.

मसूर म्हणजे आमच्या कराडजवळचंच स्टेशन. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते पाहिलेलं. एकजण म्हणाला, “बाई, माझा मामा राहतो मसूरला.” दुसरीनं विचारलं, “पण बाई, आता असं नसतं ना?”

मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून एका मुलानं म्हटलं, “असतं.”

एवढंच. वर्गात कुणी काही बोललं नाही. मला पुढचं पान उलटवेना. तो मुलगा वर्षभरात माझ्या तासाला पहिल्यांदाच बोलला होता.

दोन दिवसांनी एक पालक भेटायला आले. अगदी सभ्य गृहस्थ. म्हणाले, “बाई, मुलांना आपल्या संस्कृतीतलं चांगलं चांगलं दाखवावं. हे कशाला त्यांच्या डोक्यात घालता?” मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “बाबासाहेब चांगल्यात येत नाहीत का?” ते म्हणाले, “येतात हो, पण घटना वगैरे सांगा ना.” मला त्यांचा राग आला नाही, कारण दहा वर्षांपूर्वी कदाचित मीही हेच म्हटलं असतं. आपल्याला मुलांसमोर घर नेहमी दिवाळीसारखं सारवलेलं हवं असतं. पण त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं घर त्या सारवणाखाली गाडलं जातं, त्याचं काय? पुस्तक मी बंद केलं नाही. पुढल्या आठवड्यात तोच मुलगा कपाटाशी येऊन म्हणाला, “बाई, ते विंचवाचं द्या.” इंग्रजी येत नसताना त्यानं ते चार दिवस घरी ठेवलं होतं. मात्र हे पुस्तक अकरा-बारा वर्षांखालच्या मुलांच्या हाती एकट्यानं देऊ नका. जवळ बसून वाचा.

त्याच तासाला पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, कपाटात सगळ्या सणांची गोष्ट आहे, ईदची नाही?” नव्हती. मी तिलाच म्हटलं, “मग तूच सांग.” तिनं चंद्र शोधायला गच्चीवर गेल्याची, आणि भावानं विजेच्या दिव्याला चंद्र समजून आरोळी ठोकल्याची गोष्ट सांगितली. शिरखुर्म्यात किती खारका भिजत घालायच्या तेही सांगितलं. वर्गानं ती कागदावर उतरवली, एकानं चित्रं काढली, मी मधोमध टाके घातले. आज कपाटात अशी अकरा हाती शिवलेली पुस्तकं आहेत, आणि सगळ्यांत जास्त तीच घरी जातात. स्पेलिंगं, सॉरी, शुद्धलेखन विचारू नका!

पुस्तकांवर एवढा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. फार लागत नाही. ‘किशोर’ हे मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ही फुकट, तिथं मराठी गोष्टी खूप. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं अजूनही स्वस्त असतात. ज्यांच्या घरी आमच्यासारखी आजीची एक आणि नातीची एक अशी भाषांची फाळणी आहे, त्यांनी तूलिका प्रकाशनाची द्वैभाषिक पुस्तकं जरूर बघावी. एकाच पुस्तकात इंग्रजीही आणि मराठीही. थोड्या मोठ्या मुलांना दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’तली एखादी कथा वाचून दाखवा आणि मग शक्य झालं तर अजिंठ्याला न्या. सतराव्या लेण्यात जातककथा भिंतीवर आहेत, आणि तिथल्या राजा-राण्यांत सावळे, गहुवर्णी, गोरे सगळे एकत्र बसलेले आहेत! हे मात्र मी फक्त फोटोत पाहिलं आहे. ह्यांच्या रजेवर अवलंबून.

आणि माधुरी पुरंदरे ह्यांची पुस्तकं. त्यांच्याबद्दल स्वतंत्र लेख लिहायला हवा. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’च्या गोष्टींत देव-दानव कुणी नाहीत, आई, बाबा, आजी, शेजारी, ओला टॉवेल, हरवलेली वस्तू. पण मराठी घर म्हणजे काय, हे त्यातून जितकं कळतं तितकं शंभर पानी संस्कारमालेतून कळत नाही. त्यांचं ‘वाचू आनंदे’ आमच्या घरी उशाशी असतं. जुन्या-नव्या मराठीतले वेचे आणि सोबत चित्रकलेचे नमुने, अशी त्याची मांडणी. ‘श्यामची आई’ मी चिमीला थोडं थोडं वाचून दाखवते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक, आजच्या मुलांना श्याम जरा रडका वाटतो, हे कबूल. मी मध्ये मध्ये गाळते. साने गुरुजी क्षमा करतील.

विकत घेण्याआधी मी आता तीन कामं करते. आधी नुसती चित्रं बघते, चिमीसारखी मोजून. मग एक पान मोठ्यानं वाचते; जिभेला ठेच लागली तर ते भाषांतर कच्चं, पुस्तक परत. आणि लोककथा असेल तर ती कुणाकडून घेतली, कुठल्या गावची, हे छापलंय का बघते. नुसतं ‘एक भारतीय कथा’ असं लिहिलेलं असलं की मला शंका येते. आपण पापडसुद्धा कुठल्या गावचे ते विचारून घेतो!

आमच्या गल्लीत सहा जणींची पुस्तक-भिशी आहे. महिन्याला शंभर रुपये प्रत्येकी, जिचा नंबर लागेल तिनं सहाशेची पुस्तकं आणायची, सगळ्यांच्या मुलांनी वाचायची आणि वर्षानं वाटून घ्यायची. पुस्तकं हातोहात फिरतात, तेव्हा खाकी कव्हर घाला. फाटलं तर सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि डाग मागं ठेवते. पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवावी. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण लहान मुलांच्या हातच्या पुस्तकांना ते विष नकोच, आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि महिन्यातून एकदा पुस्तकं काढून झटका, कसरीला निवांतपणा मिळता कामा नये.

परवा चिमीनं पुन्हा कुटुंबाचं चित्र काढलं. आजी तपकिरी, ती स्वतः तपकिरी, मी मधलीच कुठलीतरी, धाकटा पिवळट. बाबा मात्र गुलाबीच. मी विचारलं, “ह्यांना का गं सोडलंस?” तर म्हणाली, “तपकिरी खडू संपला.” नवीन पेटी आणायची आहे. पुढच्या महिन्यात भिशीचा नंबर माझा आहे, आणि सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, की ह्या वेळी एक तरी पुस्तक मोठ्या टायपातलं आण, चिमी झोपली की मला पुढचं वाचता येत नाही.